एका फाइलचे तीन मालक

त्या सर्व्हरची खोली आठवली तरी मला अजून मळमळतं. खोली कसली, हजेरी पाहणाऱ्या टाइम ऑफिसच्या मागची अंधारी कोठी. राजूरकडच्या एका वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, मी कॉम्प्युटरचं सगळं पाहायची. सगळं म्हणजे प्रिंटरात अडकलेल्या कागदापासून कोठीतल्या त्या लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरच्या डब्यापर्यंत सगळं. वॉशरीत काळं नाही असं काही नव्हतं. केस काळे, टिफिन काळा, नाक शिंकरलं की रुमाल काळा. त्याची किळस मला कधी आली नाही. कोळसा आहे, धूळ उडणारच. किळस आली ती कोपऱ्यातल्या तंबाखू-खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांची, सर्व्हरवर वाळत घातलेल्या ओल्या दुपट्ट्याची, त्याच्या बटणावर थापलेल्या हळदकुंकवाची आणि फटींत साचलेल्या उदबत्तीच्या राखेची. शेवटी स्वतःचीही आली, पण ते नंतर सांगते.

गेटवर त्या महिन्यात अंगठ्याचं मशीन आलं होतं. त्याआधी रजिस्टर होतं. आता माणसानं अंगठा लावायचा, मशीन तो सर्व्हरकडे पाठवणार आणि तेव्हा किती वाजले हे सर्व्हर ठरवणार. मशीनच्या काचेवर दिसायची ती वेळही सर्व्हरचीच. आठच्या पाळीला आठ वाजून एक मिनिट झालं की लेट. महिन्यात नऊ लेट झाले की गेट बंद. गेट बंद म्हणजे ठेकेदार कार्ड काढून घेतो आणि त्या जागी दुसरं माणूस लावतो. काहून लेट झालं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

हे मशीन बसवलं तेव्हा मी सुट्टीवर, आर्णीला घरी, तुरीच्या सवंगणी-कापणीला गेलेली. परत आले तर मशीन गेटवर लटकलेलं, बसवून देणारा माणूस नागपूरला परत गेलेला, आणि माझ्या टेबलावर पासवर्डाची चिठ्ठी. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चालून राह्यलं न, मग चालू दे.

मशीन लागल्याच्या पहिल्या आठवड्यातच ती बाई माझ्याकडे आली. मुकुटबन रोडवरच्या एका तांड्यावरून यायची. धूळ बसावी म्हणून वॉशरीतल्या रस्त्यांवर पाइपानं पाणी मारायचं, हे तिचं काम. बाकीची माणसं राजूरची, नाहीतर कंपनीच्या बसनं येणारी. ती सगळी साडेसातलाच अंगठा लावून चहा पीत बसलेली असायची. तांड्याच्या बाजूनं काळीपिवळी जीप पकडून येणारी ही एकटीच. जीप तिला गेटवर सोडायची ती आठला पाच कमी असताना. रजिस्टरच्या जमान्यात सात वर्षांत तिला एक लेट नव्हता आणि आता चार दिवसांत तीन झाले होते.

"मॅडम, मी टायमात येऊन राह्यली अन् मशीन लेट दाखवते," ती म्हणाली. "माह्या मोबाइलात पाच कमी आठ असते. मशीनीत आठ वाजून पाच."

मी हेड ऑफिसच्या कुठल्याशा रिपोर्टात मान घालून बसलेली, डोकं आधीच तापलेलं. "मावशी, मशीनले तुमच्याशी काय दुश्मनी आहे?" मी म्हटलं. "तुमचा मोबाइल मागं असन."

"पोरीचा जुना आहे. पण टाइम त्याच्यात आपोआप येते म्हणे."

"म्हणे न? चला, दाखवते."

सव्वादहा वाजले होते. भर उन्हात तिला गेटपर्यंत चालवत नेलं. मशीनमध्ये दहा-सोळा. माझ्या मोबाइलात दहा-सोळा. तिच्या मोबाइलातही दहा-सोळा. खरं तर तिथेच माझ्या टाळक्यात काहीतरी वाजायला पाहिजे होतं. तिचा मोबाइल मागे नव्हताच, माझं म्हणणं खोटं ठरलं होतं. पण मला एवढंच दिसलं की मशीन बरोबर आहे. "पाहा," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही. सकाळी तुमच्या मोबाइलात काही गडबड होत असन, कोणी बटण दाबत असन. मशीनीवर भरोसा ठेवा." ती काचेकडे पाहत राहिली. मग मोबाइल पदरात खोचून पाणी मारायला गेली. मी टेबलावर येऊन तिच्या तक्रारीच्या अर्जावर लिहिलं, वेळ तपासली, बरोबर आहे, तक्रारीत तथ्य नाही. खाली झोकात सही ठोकली.

तीन दिवसांनी रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली आणि हेड ऑफिसशी आमचा संबंध संपला. मी नेहमीसारखी दहाला आले. गेटच्या मशीनमध्ये पाहते तर दहा वाजून दहा. माझ्या मोबाइलात दहा. ओढणीनं नाक दाबून कोठीत शिरले, उदबत्तीची राख फुंकून कीबोर्ड ओढला आणि वेळेची फाइल उघडली.

लिनक्समध्ये मशीननं कसं वागायचं हे साध्या फाइलींमध्ये लिहून ठेवलेलं असतं. वेळेचीही अशी एक फाइल असते. तीत कामाची ओळ एकच, वेळ कुणाला विचारायची. हेड ऑफिसच्या सर्व्हरला विचार, असं त्या ओळीत असायला पाहिजे होतं. इथे लिहिलं होतं, टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरला विचार.

आणि टाइम ऑफिसचा कॉम्प्युटर दहा मिनिटं पुढे असतो, हे अख्ख्या वॉशरीला माहीत होतं. टाइमबाबू, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी तो मुद्दाम पुढे ठेवलेला. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ पुढे, भिंतीवरचं पुढे, घरचंही पुढे. मी हसत नाही त्यांना. आर्णीला माझ्या आईचं स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे आणि आमच्या गल्लीत ते कुणाचं नाही? आपल्याकडे घड्याळ पुढे ठेवलं की माणूस टायमात निघतो, अशी पक्की समजूत. आणि त्यानं कुणाचं बिघडतही नाही, कारण प्रत्येक जण घड्याळाकडे पाहता पाहता मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून मोकळा होतो. सर्व्हरला ते येत नाही. त्याला सांगितलं साडेआठ, तर त्याचे साडेआठ.

कुणीतरी फाइलीत लुडबुड केली, असं मला वाटलं. मी ओळ हातानं सुधारली, वेळेची सेवा पुन्हा सुरू केली आणि केबल तुटलेली म्हणून घड्याळ मोबाइल पाहून हातानंच बरोबर लावलं. टायपायला दोन मिनिटं लागली आणि स्वतःवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी केबल अजून तुटलेलीच. दहाला येते तर घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे, फाइलीत पुन्हा टाइम ऑफिस. माझी ओळ गायब. जशी काही मी लिहिलीच नव्हती.

"काका, सर्व्हरले हात लावून राह्यले काय तुमी?" मी विचारलं.

"मले काय येते त्याच्यातलं, बाई," काका म्हणाले. "मी त फक्त पूजा करतो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे पासवर्डही नव्हता. मग माझं डोकं फिरलं. कोण तू असशील तो अस, पण आता लिहून दाखव, असं म्हणून मी ओळ आणि घड्याळ पुन्हा सुधारलं आणि त्या फाइलीला कुलूपच घातलं. लिनक्समध्ये तशी सोय आहे. कुलूप घातलं की मशीनचा मालकसुद्धा आधी ते काढल्याशिवाय फाइलीत एक अक्षर लिहू शकत नाही. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

केबल जोडली गेली. दोन दिवस सगळं बरोबर. बाईचे लेट सहावर थांबले. तिसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा फोन. तिथल्या एका साहेबाची एकच तक्रार, की आमच्या सर्व्हरसमोर त्याच्या पडद्यावर लाल दिवा लागला आहे.

"मॅडम, आपने फाइल लॉक की है क्या? वो फाइल हमारी है. हमारा सिस्टम रोज सुबह नौ बजे सब सर्व्हर पे वो फाइल लिखता है."

"सर, कोणीतरी दुसरंबी लिहून राह्यलं तिच्यात. म्हूनच त लॉक केली."

"दूसरा कोई नहीं लिखता. फाइल के ऊपर साफ लिखा है, हाथ से मत बदलो. आपने पढ़ा नहीं?"

वाचलं होतं ना. पहिल्याच ओळीत होतं. पण तिकडे बसून ज्यानं हे वाक्य लिहिलं त्याला इथली धूळ दिसत नाही, गेट दिसत नाही, बाई तर नाहीच नाही. माझं बोलणं संपायच्या आत त्यानं तिथूनच कुलूप काढलं. त्याचा दिवा हिरवा झाला आणि फोन ठेवला गेला. आभार नाही, काय झालं होतं ही विचारपूस नाही. हिरवा दिवा दिसला की या लोकांचं जेवण पचतं.

अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवलं, तुमची फाइल न? घाला मग उरावर. मी आता बोटही लावणार नाही. आणि खरंच नाही लावलं. मी तेव्हा रुसून बसले होते, दुसरं काही नाही. पस्तिशीची बाई, लिनक्सची जाणकार म्हणवणारी, एका फाइलीवर रुसून बसली.

याहून घाण गोष्ट पुढे आहे. त्याच दिवशी जाऊन सांगायला पाहिजे होतं की घड्याळ दहा मिनिटं पुढे धावतं, ते मी दोन वेळा डोळ्यांनी पाहिलं, त्या बाईचं म्हणणं तपासा. पर्सोनेलची, म्हणजे कामगारांचं पाहणाऱ्या खात्याची, केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. नाही गेले. अर्जावर माझी सही होती ना, तथ्य नाही म्हणून. पुढच्या महिन्यात सावकाश पाहू, असं मनाशी म्हटलं आणि डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली.

चार दिवसांनी तिचं गेट बंद झालं.

मला ते पर्सोनेलच्या साहेबांनी सांगितलं, चहा पिता पिता. "ती पाणीवाली बाई. नऊ झाले तिचे. गेटवर लय तमाशा केला. मीच गेलतो. म्हणे मी टायमात आली, मशीन खोटी आहे. मी म्हटलं, दाखव तुझा मोबाइल. तर त्याच्यातबी आठ वाजून पाच! सगळे हसायले लागले."

"तिच्या मोबाइलातबी?" मी विचारलं.

"हो न. तोंड पाहण्यासारखं झालं तिचं. ह्या लोकाइले खोटं बोलता येत नाही धड."

मला हायसं वाटलं. लपवून काय करू? खरंच हायसं वाटलं. म्हणजे ती लेटच होती, म्हणजे माझी सही बरोबर, सुटले एकदाची. ते हायसं वाटणं आठवलं की आज तोंडात कडू पाणी येतं. गेटाबाहेर ती दुपारपर्यंत बसून होती. फोनवर तांड्याच्या बोलीत कुणाशी तरी बोलत होती. मला त्यातलं काही कळलं नाही, फक्त पलीकडून कुणीतरी मोठ्यानं "याडी, याडी" करत होतं तेवढं ऐकू आलं. आई, आई. मी मान खाली घालून स्कूटी काढली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्या गेट-बंदच्या कागदाला जोडायला हजेरीचं प्रिंट मागितलं. नेहमीचा रिपोर्ट छापून आलाच नाही, तर मी सर्व्हरमधली कच्ची यादीच छापली. अंगठे जसे लागत गेले तसे एकाखाली एक, पुढे अनुक्रमाचा नंबर, पुढे वेळ. कागद गरम होता. सहज नजर फिरवली. एका ट्रक ड्रायव्हरचा अंगठा नऊ वाजून नऊला. त्याच्या खालचा, म्हणजे त्याच्यानंतर लागलेला, नऊ वाजून एकला.

मी पुन्हा वाचलं. नंबर पुढे गेला होता आणि वेळ मागे. आदल्या दिवशीचं पान काढलं. तिथेही नऊच्या आसपास वेळ मागे. त्याच्या आदल्या दिवशीही. फक्त कुलूप होतं ते दोन दिवस सरळ, आणि केबल तुटली ते दोन दिवस वेळ मागे गेली ती नऊला नाही, दहानंतर, मी हातानं लावली तेव्हा. कपाळावर हात मारला मी. रोज सकाळी नऊपर्यंत घड्याळ पुढे असतं, नऊला हेड ऑफिसची फाइल येते, घड्याळ मागे ओढलं जातं. मी येते दहाला. मी पाहायची तेव्हा सगळं धुऊन-पुसून स्वच्छ.

तिच्या मोबाइलाचं मात्र कोडं सुटत नव्हतं. पण मोबाइल काही का म्हणेना, हा कागद खोटं बोलणारा नव्हता. आठ वाजून पाचचे तिचे नऊच्या नऊ अंगठे खरे आठला पाच कमीचे होते.

दुसऱ्या दिवशी सातला वॉशरीत हजर झाले. काका सव्वासातला आले. चपला बाहेर काढल्या. कोठीत जाऊन उदबत्ती लावली, सर्व्हरला ओवाळली, बटणाला हळदकुंकू लावलं, हात जोडले. आणि मग शांतपणे भिंतीवरचं मेन बटण खाली केलं. सर्व्हर फट्‌दिशी बंद.

"काका! हे काय करून राह्यले?"

"रातभर चालते बिचारं. तापलेलं असते. दोन मिन्टं थंडं होऊ द्यावं माणसानं," काका म्हणाले. "मशीनलेबी जीव असते, बाई." दोन मिनिटांनी बटण वर. हे ते रोज करत होते, मशीन लागलं त्या दिवसापासून, अगदी श्रद्धेनं.

सर्व्हर उठला. मी फाइल उघडली. टाइम ऑफिसला विचार. मग सर्व्हर उठताना काय काय आपोआप चालतं ते एकेक उघडून पाहिलं आणि तळाशी ती ओळ सापडली. नागपूरवाल्यानं वेळेच्या फाइलीची आपली एक प्रत वेगळी लपवून ठेवली होती आणि सर्व्हर सुरू झाला की ती प्रत मूळ फाइलीवर टाकायची, अशी आज्ञा लिहून ठेवली होती. तिथूनच त्याला फोन लावला.

"मॅडम, तुमच्याच बाबूनं सांगतलं. आमच्या घड्याळाशी मिळून पाहिजे म्हणे. अन् तुमचं हेड ऑफिस रोज फाइल बदलवून राह्यलं होतं, म्हून मंग मी तसं करून देल्लं."

"हेड ऑफिसले विचारलं होतं काय तुमी?"

"मी कायले विचारू? माहं काम मशीन बसवणं."

वा! नागपूरवाल्याला हेड ऑफिस दिसलं होतं, पण सांगितलं नाही. हेड ऑफिसला दुसरं कुणी लिहितं हे सांगितलं, तर मानलं नाही. काका पूजा करत होते. आणि मी? मीही तेच केलं होतं ना, हातानं ओळ बदलली, कुणाला सांगितलं नाही, वर कुलूप घातलं. एका फाइलीचे तीन मालक आणि प्रत्येक जण दुसऱ्यानं लिहिलेलं पुसून आपलं बरोबर करत होता. त्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या मला तेव्हा बऱ्या वाटल्या. त्या निदान कुणीतरी थुंकल्या, हे दिसत तरी होतं.

मी नागपूरवाल्याची ओळ काढून टाकली, त्याची प्रत उडवली. हेड ऑफिसची फाइल आता एकट्या हेड ऑफिसची. मेन बटणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि काकांना सांगितलं, उदबत्ती लावा, बटण नाही. काकांचा चेहरा पडला. त्यांच्या कॉम्प्युटरला मी हात लावला नाही. राहू दे पुढे, आता त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

मग ती वीस पावलं चालून पर्सोनेलच्या केबिनमध्ये गेले. साहेबांसमोर कागद ठेवला, समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठीक आहे. पण लेट काढाचे म्हंजे कोणाची तरी चूक दाखवा लागते. काका देईन काय लिहून?"

"नाही."

"हेड ऑफिस?"

"त्यांचा दिवा हिरवा आहे."

"मंग? तिच्या अर्जावर त तुमचीच सही आहे, तथ्य नाही म्हून." साहेब हसले. "जाऊ द्या न, मॅडम. एका पाणीवालीसाठी कायले आपल्या अंगावर घेता? ठेकेदारानं उद्यापासून दुसरी बाई सांगतली आहे."

त्यांच्या टेबलावर अर्धा खाल्लेला समोसा होता, त्यावर माशा. साहेबांची किळस आली, काकांची, त्या हिरव्या दिव्याची, आणि अजूनही मला गप्प बसून सुटता आलं असतं, याची सगळ्यात जास्त. त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहून दिलं. सर्व्हरची वेळ सकाळी दहा मिनिटं पुढे होती. मला ते माहीत झालं होतं आणि मी कळवलं नाही. तक्रार खरी होती, माझी तपासणी खोटी होती. नऊही लेट चुकीचे आहेत. सही या वेळी झोकात आली नाही.

मला मेमो मिळाला. माझ्या फाइलीत लागला तो, आणि नोकरी राहिली. ठेकेदारानं दोन दिवस काचकूच केली, दुसरी बाई लावली होती म्हणे, पण पर्सोनेलचा कागद गेल्यावर त्याला कार्ड द्यावंच लागलं. ती परत कामावर येणार त्या दिवशी मी मुद्दाम साडेसातला गेटवर जाऊन उभी राहिले. कार्ड मीच मागून घेतलं होतं, आपल्या हातानं द्यायला.

जीप आली. ती उतरली. कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, गळ्यात घातलं. मला वाटलं बोलणार नाही, किंवा शिव्या देईल. मी म्हटलं, "मावशी, माही चूक झाली. मशीनच पुढं होती. तुमी खरं बोलत होत्या."

"आता बरोबर आहे काय?"

"आता बरोबर आहे."

तिनं अंगठा लावला. काचेवर आठला पाच कमी. तिनं पदरातला मोबाइल काढला आणि पाहिला, मग माझ्यासमोर धरला. त्यात आठ वाजून पाच होते.

मला समजेना. "मावशी, हा काहून पुढं आहे?"

"तुमीच म्हटलं होतं न," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखादी गोष्ट आठवण करून द्यावी तसं बोलली. "मशीन खोटं बोलत नाही, मशीनीवर भरोसा ठेवा म्हून. मले वाटलं, मॅडम शिकल्या-सवरलेल्या आहे, त्या पाहून सांगून राह्यल्या, म्हंजे माहाच मोबाइल बिघडला असन. मंग घरी जाऊन पोरीले म्हटलं, याचा टाइम मशीनीसारखा करून दे. तिनं दहा मिन्टं पुढं करून देल्ला."

तेव्हा कुठे मला कळलं. गेटवर साहेबांनी मोबाइल दाखव म्हटलं तेव्हा तिच्याकडे दाखवायला खरा टाइम उरलाच नव्हता. एवढी एकच गोष्ट तिच्या बाजूनं बोलणारी होती, आणि ती तिनं माझ्या शब्दावर बदलून टाकली होती.

"सगळे हसत होते," ती म्हणाली. "मलेबी वाटलं, मीच चुकून राह्यली असन."

मी मोबाइल घेतला. सेटिंगमध्ये जाऊन टाइम आपोआप केला. आकडे दहा मिनिटं मागे आले. तिनं तो परत घेतला, एकदा मशीनच्या काचेकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे, आणि मग माझ्याकडे.

"आता सांगा, मॅडम," ती म्हणाली, "उद्या या दोघाइचं जमलं नाही, त मी कोणाचं मानू?"